समुद्र नसलेल्या गावात समुद्र शिकवताना

(मंडळाच्या गणेशोत्सवात सप्तमीच्या संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, "ताई, विषय तुमच्या आवडीचा घ्या, पण नाटकाच्या आधी संपवा." मागे मेकअप चालू आहे हे मला दिसतंय, तेव्हा मी वेळ पाळीन. शिवाय मी काही वक्ता नाही. मंडळाचा शनिवारचा मुलांचा वर्ग घेते, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांचा, एवढीच माझी ओळख. तीन वर्षांपूर्वी आम्ही या वर्गात 'समुद्र' हा विषय घेतला. तो कसा शिकवला, त्यापेक्षा तो शिकवताना माझं काय चुकलं, हे आज सांगणार आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी लहान मुलं किंवा नातवंडं आहेत, म्हणून ते उपयोगी पडेल असं वाटतं.

पहिल्या दिवशी मुलांना समुद्राचं चित्र काढायला सांगितलं. सगळ्यांच्या कागदावर एक निळी रेघ, एक नारळाचं झाड आणि मोठमोठ्या दातांचा शार्क. एका मुलीने पाण्याऐवजी टीव्हीची चौकट काढली आणि आत डॉल्फिन. मी कोकणातली. आमच्या लहानपणी समुद्र म्हणजे वास, चिखल, ओहोटीला उघडे पडणारे खडक, पायाखाली पळणाऱ्या कुर्ल्या. मुंबईकरांनी निदान १९५१ साली सुरू झालेलं तारापोरवाला मत्स्यालय तरी शाळेच्या सहलीत पाहिलेलं असायचं. आमच्या वर्गातल्या मुलांसाठी समुद्र म्हणजे सुट्टीत गोव्याला हॉटेलसमोर असतो तो.

मग मी सगळ्या शिक्षिका करतात तेच केलं. तक्ता आणला. देवमासा, शार्क, ऑक्टोपस, तारामासा. मुलांनी धडाधड पाठ केलं. महिन्याने विचारलं तर शार्कचे दात तेवढे लक्षात होते. एका मुलाने मात्र मला चांगलंच अडचणीत पकडलं. "ताई, तुम्ही सांगितलं देवमासा मासा नाही. तारामासा पण मासा नाही. जेलीफिश पण मासा नाही. मग मासा कोण आहे?" मी म्हटलं, "समुद्रघोडा." वर्ग खदाखदा हसला. पण उत्तर खरं होतं. समुद्रघोडा कल्ल्यांनी श्वास घेतो, त्याला पाठीचा कणा आहे, पर आहेत. तो मासाच आहे. पण हे सगळं कागदावर. कल्ले म्हणजे काय ते एकाही मुलाने पाहिलेलं नव्हतं.

म्हणून ठरवलं, तक्ता गुंडाळून ठेवायचा आणि समुद्राचं जे काही बंगळुरात पोचतं तिथून सुरुवात करायची.

पोचतं काय? पहिली गोष्ट, मासळी. शिवाजीनगरच्या रसेल मार्केटला जायचं ठरलं आणि लगेच एका आजोबांचा फोन आला. "ताई, आमच्याकडे चालत नाही हो." मी म्हटलं, "आजोबा, बघायचंय फक्त, खायचं नाहीये." त्यांना पटलं नाही. त्यांचा नातू आला नाही, बाकीच्यांतली नऊ मुलं आली. तिथल्या मासेवाल्याने बांगड्याच्या गालावरची झडप उचलून आतले लालभडक कल्ले दाखवले. पाण्यातला प्राणवायू मासा इथून घेतो, असं मी एवढंच सांगितलं. पुढचा अर्धा तास नऊ मुलं प्रत्येक माशाचे कल्ले उघडून बघत होती. आणखी एक गंमत झाली. मासेवाला मंगळूरकडचा. त्याने बांगड्याला 'बंगुडे' म्हटलं आणि मुलं ओरडली, "हा तर आपलाच शब्द!" सुरमईला मात्र तिकडे 'अंजल' म्हणतात आणि पापलेटला 'मांजी'. मुलांनी वहीत दोन रकाने करून नावं लिहिली. जून-जुलैमध्ये गेलो असतो तर टोपल्या निम्म्या रिकाम्या दिसल्या असत्या, कारण कर्नाटकाच्या किनाऱ्यावर त्या दोन महिन्यांत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तो माशांच्या विणीचा काळ. "म्हणजे माशांना पण सुट्टी असते," एक मुलगी म्हणाली. वेगळं समजावण्याची गरजच उरली नाही.

दुसरी गोष्ट आपल्याला रोज दिसते आणि आपण वाचत नाही. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर खाली बारीक अक्षरात समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. आपलं बंगळूर नऊशे मीटरच्या आसपास आहे. मुलांना सांगितलं, "समुद्राचं पाणी जिथे सरासरी उभं असतं, तिथून ही उंची मोजलेली आहे. आपण कुठेही असलो तरी आपली पट्टी समुद्रापासूनच सुरू होते." आता ही मुलं गावाला जाताना प्रत्येक स्टेशनवर पाटी वाचतात. एका बाबांनी तक्रार केली की लेकाने रात्री दोन वाजता गुंटकलला उठवलं.

तिसरी गोष्ट सांगताना मला त्या आजोबांचे आभार मानायचे आहेत.

वर्गात भरती-ओहोटी शिकवत होते. चंद्र, सूर्य, पृथ्वी, तीन चेंडू, सगळं करून झालं. मुलांचे चेहरे कोरे. नातवाला न्यायला आलेले आजोबा दारात उभे होते. ते म्हणाले, "ताई, कॅलेंडर आहे का?" भिंतीवर कालनिर्णय होतं. त्यांनी मुलांना विचारलं, "आज तिथी कोणती?" पंचमी होती. आजोबा म्हणाले, "पाच पाऊणे पावणेचार. कोकणात पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती."

ज्येष्ठ मंडळी माना डोलावतायत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी. आपल्या आजोबा-पणजोबांनी पाठ केलेल्या या पाढ्यांतली पाऊणकी कोकणात अशी रोज वापरात होती. तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा, आणि प्रतिपदेपासून पुन्हा पहिल्यापासून. कारण सोपं आहे. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच उशिरा येते. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. हिशेब अगदी काटेकोर नाही, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण होडी काढायला तेवढा पुरत असे. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. हे मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचं गणित आहे, चेन्नईला लावायला जाऊ नका.

गंमत पुढे आहे. मुलांचा विश्वास बसेना. मी माझ्या भावाला गावी फोन लावला, तोही व्हिडिओचा. तो धक्क्यावर गेला. चार वाजून गेले होते. एका मुलाने विचारलं, "मामा, पाणी कुठवर आलंय?" मामाने फोन फिरवून दाखवलं. वरच्या पायरीपर्यंत पाणी. तो म्हणाला, "आत्ताच थांबलंय बघा. आता उतरेल." वर्गात टाळ्या पडल्या. समुद्रापासून इतक्या लांब बसून, भिंतीवरचं कॅलेंडर बघून, समुद्र आत्ता काय करतोय हे सात वर्षांच्या मुलांनी ओळखलं होतं! त्या दिवसापासून आजोबा आमच्या वर्गाचे मानद शिक्षक झाले. मासळीबाजाराचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.

२०२५ साली अनंत चतुर्दशीनंतरच्या सकाळी लालबागचा राजा गिरगाव चौपाटीवर पोचला, पण भरतीमुळे मूर्ती तराफ्यावर नेता येईना आणि विसर्जनाला रात्र झाली, हे आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. घरोघरी मोठी माणसं हळहळत होती. आमच्या वर्गातली मुलं म्हणत होती, "पौर्णिमा आहे ना आज. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. शिवाय उधाणाची भरती." आज सप्तमी आहे. सात पाऊणे सव्वापाच. म्हणजे आत्ता आपण इथे बसलोय तेव्हा कोकणात पाणी उतरायला लागलंय, आणि अष्टमी जवळ असल्यामुळे ही भांगाची भरती आहे, पाणी फार वर चढलेलं नाही.

इथवर सगळं छान झालं. आता चुका.

पहिली चूक. भरती-ओहोटी कळली, तेव्हा प्रत्यक्ष ओहोटी दाखवायची म्हणून पालकांसह उडुपीच्या दक्षिणेला कापूला सहल नेली. तिथे दीपगृहाखाली खडक आहेत. ओहोटीला खडकांच्या खळग्यांत पाणी साचतं आणि त्यात सगळं छोटं जग दिसतं. मुलं हरखली. आणि मी काय केलं? प्रत्येकाच्या हातात एकेक पिशवी दिली. "शंख-शिंपले गोळा करा." आम्ही लहानपणी तेच करायचो.

सात वर्षांच्या एका मुलाने पिशवी न घेता स्वतःच्या पाण्याच्या बाटलीत एक सुंदर शंख टाकला. रात्रभर बसने आम्ही परत आलो. तिसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन. "ताई, बाटलीला भयंकर वास येतोय." शंखात खेकडा होता. जिवंत होता, म्हणजे आणला तेव्हा.

शनिवारी तो मुलगा शंख कागदात गुंडाळून घेऊन आला. रडला नाही. म्हणाला, "ताई, मी त्याचं घर आणलं. पण तो घरात होता."

मंडळी, इतकी वर्षं मुलांना शिकवतेय, पण त्या वाक्यापुढे माझ्याकडे उत्तर नव्हतं. चूक त्याची नव्हती. पिशव्या मी वाटल्या होत्या. मी सगळ्या वर्गासमोर तसं सांगितलं आणि मग त्या खेकड्याची माहिती आम्ही मिळून शोधली. या खेकड्याचं पोट मऊ असतं, त्याला स्वतःचं कवच नाही. मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख शोधून तो त्यात राहतो, आणि अंगाने वाढला की मोठा शंख शोधतो. त्याच्या कल्ल्यांना ओलावा लागतो. म्हणजे आपण रिकामा समजून उचललेला शंखही कुणाचं तरी पुढचं घर असतं. प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या आणि शंखांच्या काही जाती २००१ सालापासून वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, हेही मला तेव्हाच कळलं. कायदा ठाऊक नसलेली शिक्षिका मुलांना किनाऱ्यावर पिशव्या वाटत होती!

आता आमच्या वर्गाचा नियम आहे. बघायचं, मोजायचं, चित्र काढायचं, आणि दगड उलटा केला असेल तर पुन्हा होता तसा ठेवायचा.

दुसरी चूक याच्या उलट टोकाची. शंखाच्या प्रसंगाने मी इतकी हादरले, की पुढच्या शनिवारी मुलांना प्रदूषणावरची फिल्म दाखवली. कासवाच्या नाकात अडकलेली नळी, पोटात प्लॅस्टिक. सहा वर्षांच्या एका मुलीने दोन रात्री झोप काढली नाही. आई म्हणाली, "समुद्र आता मेला का, असं विचारतेय." ज्या गोष्टीवर मुलीचा अजून जीवही जडला नव्हता, तिच्या मरणाची बातमी मी आधीच दिली होती.

मग मी उलट्या बाजूने निघाले. आधी ओळख, काळजी नंतर. ओळख करून द्यायला आपल्याच कोकणातली कासवं होती. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभरच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. ती अंडी जाळीच्या कुंपणात हलवून ठेवतात. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर येतात आणि त्यांना वाळूवर सोडलं की आपलीआपण पाण्याकडे चालू लागतात. २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरू लागला आणि पाहुण्यांना गावातल्या घरांतच उतरवू लागले. पूर्वी जिथे अंडी पळवली जायची तिथेच ती राखली जाऊ लागली.

२०२२ च्या जानेवारीत वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र बसवलं. तिचं नाव ठेवलं प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरला अशीच एक बागेश्री. आम्ही भिंतीवर भारताचा नकाशा लावला आणि बागेश्री कुठून कुठे गेली तिथे टिकल्या चिकटवल्या. गुहागर, गोवा, कर्नाटकाचा किनारा, केरळ, श्रीलंकेला वळसा आणि बंगालचा उपसागर. मुलांनी पाहिलं, की तिने आपल्या बंगळुराला दोन्ही बाजूंनी प्रदक्षिणाच घातली आहे. आणि २०२१ साली ओडिशात खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली, तेव्हा टिकल्यांची दुसरी रांग उलट दिशेने लागली.

हजार पिल्लांतून एखादंच मोठं होतं असं म्हणतात. हे मुलांना सांगावं की नाही, या विचारात मी होते. पण मुलांनीच विचारलं आणि मी खरं सांगितलं. बाकीची पिल्लं मासे, खेकडे, पक्षी यांचं अन्न होतात. झोप न लागलेली तीच मुलगी म्हणाली, "मग बागेश्री हजारातली एक आहे." ती घाबरली नाही, कारण बागेश्री आता तिच्या ओळखीची होती.

प्रदूषणाचा धडाही मग आपोआप आला, आणि तो मी शिकवलेला नाही. पावसात मुलं गटारात कागदी होड्या सोडत होती. "ही कुठे जाणार?" नकाशा काढला. बसवनगुडीच्या नंदीच्या देवळाशी जिचा उगम मानतात ती वृषभावती अर्कावतीला मिळते, अर्कावती कावेरीला, आणि कावेरी पूम्पुहारजवळ समुद्राला. शहराच्या पूर्वेकडचं पाणी बेळ्ळंदूर, वर्तूर तलावांतून दक्षिण पिनाकिनीला मिळून कडलूरजवळ समुद्रात. बेळ्ळंदूरचा फेस आणि त्या तलावाला २०१५ आणि २०१७ साली लागलेल्या आगी आपल्याला ठाऊक आहेतच. मुलं नकाशाकडे बघत राहिली. मग एकाने खिशातला चॉकलेटचा कागद काढून विचारलं, "हा टाकला तर बागेश्रीकडे जाणार?" मी म्हटलं, "जाऊ शकतो." त्याने तो परत खिशात ठेवला. त्याच्या आईला तो धुवायच्या कपड्यांत सापडला, ती बाब वेगळी.

मंडळी, आपण या शहरात नोकरीसाठी आलो, रुजलो. आपल्यातले काही जण इस्रोत आहेत. १९९९ साली सोडलेला ओशनसॅट इथल्याच केंद्रात तयार झाला. समुद्राच्या पाण्याचा रंग पाहून मासे कुठे असतील याचा अंदाज कोळ्यांना देण्याच्या कामी तो आला. समुद्री कासवांवर काम करणारी दक्षिण फाउंडेशन बंगळुरातच आहे. म्हणजे समुद्र जाणणारी माणसं आपल्या शेजारी आहेत. आणि घरात ज्यांना पाऊणकी येते, तिसऱ्या आणि कालवं यांतला फरक कळतो, असे आजी-आजोबा आहेत. माझी विनंती एवढीच आहे. कार्यकारिणीने वर्गासाठी दर महिन्याला एक शनिवार आजी-आजोबांना द्यावा. तक्ते बाजारात मिळतात, हे शब्द बाजारात मिळत नाहीत.

त्या मुलाच्या शंखाचं काय झालं, हे सांगते आणि थांबते. वर्षभर तो वर्गाच्या खिडकीत होता. पुढच्या वर्षी कापूची सहल ठरली तेव्हा त्याने आठवण केली, "ताई, तो न्यायचाय." पंचांग बघून ओहोटीच्या वेळेला आम्ही खडकांवर गेलो. त्याने खळग्यातल्या पाण्यात शंख ठेवला आणि बराच वेळ बसून राहिला. खेकडा काही आला नाही. बस सुटायची वेळ झाली, मी हाक मारली. तो म्हणाला, "ताई, भरती आल्यावर येईल."

गणपती बाप्पा मोरया!